भीतीला माझा चेहरा

आधीच सांगते, 'सुधारलेल्या खलनायकांचं पथक' हे नाव आम्ही ठेवलेलं नाही. ते आमचं पथक चालवणाऱ्या मॅडमच्या कार्यालयात कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं. लोकांनी त्यावर आपलं जे म्हणायचं ते म्हणून घेतलंच: करून करून भागले नि देवपूजेला लागले. म्हणा बाबांनो, तुमची तोंडं कोण धरणार!

आम्ही तिघं. घण हा दोन दारांएवढा रुंद, भिंतीतून पापड मोडावा तसा आरपार जाणारा. हल्ली तो आरशासमोर उभा राहून हसायचा सराव करतो, आणि ते हसणं बघून आमच्या इमारतीतल्या कुत्र्यानं खाणं सोडलंय. दुसरा चिडीचूप. वाळका, पन्नाशीचा, चष्म्यातला माणूस. त्यानं चुटकी वाजवली की सगळी इमारत मुकी होते. आत बाँब फुटला तरी आवाज नाही. एकदा घातलेली चूप त्याची त्यालाही काढता येत नाही, तिची ती विरेपर्यंत थांबावं लागतं. चोरीत याहून सोन्यासारखा माणूस नाही. लोकांना वाचवायचं काम आलं की मात्र तोच जोडीदार डोक्याला ताप होतो, हे आम्हाला पहिल्याच कामात कळलं.

आणि मी थरकाप. मी जोर लावला की समोरच्या माणसांच्या पोटात भीती उठते. कानावर हात ठेवा, डोळे मिटा, भिंतीआड बसा, काही उपयोग नाही. वाट फुटेल तिकडे पळत सुटतात, माझ्यापासून लांब. भीती तासाभरात ओसरते. पण तिला माझा चेहरा असतो, आणि तो काही ओसरत नाही. माझ्या एका जुन्या शेजाऱ्याला अजून मी बाजारात दिसले तर घाम फुटतो. बिचारा माफी मागतो, "तुमचं काही नाही हो, माझंच असं होतं," म्हणतो, आणि पिशवी टाकून पळतो.

या सगळ्या जगात माझ्याकडे बघून न घाबरणारं एकच माणूस होतं. माझी सात वर्षांची पोर. मी तुरुंगात गेले तेव्हापासून ती माझ्या ताईकडे असते. ताई वाचनालयात काम करते. रविवारी मला भेटायची परवानगी. पोरगी माझ्या मांडीवर बसून माझं नाक दाबायची, गालगुच्चे घ्यायची, आणि 'आई, तू किती भित्री आहेस गं' म्हणायची, कारण मी झुरळाला घाबरते. मी तिच्या आसपास असताना कधी, चुकूनसुद्धा, जोर लावला नाही. शिंक आली तरी बाहेर जाऊन शिंकायचे. ती मला घाबरत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी मी पथकात आले. समाजसेवा वगैरे मॅडमच्या भाषणात.

त्या दुपारी मॅडमचा फोन आला. वाचनालयासमोर रस्ता खोदणाऱ्या यंत्रानं एका दणक्यात पाण्याचा नळ आणि गॅसची वाहिनी दोन्ही फाडली होती. पाणी आणि गॅस दोन्ही वाचनालयाच्या तळघरात शिरत होते.

"कुठलं वाचनालय?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"तुमच्या बहिणीचं," मॅडम म्हणाल्या. "आज शाळेला सुट्टी आहे, त्यामुळे मुलंही आहेत. लवकर या."

पोरगीही तिथंच असणार. सुट्टीच्या दिवशी ताई तिला बरोबर नेते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वाचनकक्षात मुलांच्या टेबलाशी बसवते. गाडीत मी घणाला एवढ्या शिव्या घातल्या की शेवटी तो म्हणाला, "अगं मी काय केलंय?" काही केलं नव्हतं त्यानं. तो फक्त शेजारी बसला होता.

आम्ही फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी पहारेकऱ्यानं धोक्याची घंटा दाबली. घंटेनं जेमतेम तोंड उघडलं असेल, आणि ती बंद पडली.

मी वळून पाहिलं. चिडीचूपची बोटं अजून हवेत होती.

आधी चूप, मग आत. वीस वर्षं आमचा हाच शिरस्ता. घरात शिरताना माणूस चपला काढतो, तसा तो फाटकातून आत जाताना चुटकी वाजवतो. डोक्यानं विचार करायच्या आत हात काम करून मोकळा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... घंटा ऐकली आणि..." एवढं तरी त्याचं बोलणं ऐकू आलं, कारण तोवर आम्ही त्याला ओढत फाटकाबाहेर आणलं होतं. आत आवाजच शिल्लक नव्हता.

"मेल्या, तुझ्या हाताला लकवा का नाही भरला!" मी त्याची गचांडी धरली.

खालच्या दोन मजल्यांवरचे लोक पहारेकऱ्यानं हाताला धरून बाहेर काढले, आणि वासानं घेरी येऊन तो स्वतःच फाटकाशी आडवा झाला. वरचं अवघड होतं. वाचनकक्षात बोलायला मनाई, खुर्ची सरकवायची तर उचलून ठेवायची, मोबाईल खाली कप्प्यात. तिथं बसलेल्यांना शांतता पडलीय हे कळायचं तरी कसं? जगातली ती एकच जागा, जिथं चिडीचूपची करामत चालू आहे की नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या खिडक्या डोक्याच्याही वर. पोलिसांनी आणलेला भोंगा फाटकाशी नुसता फुरफुरत होता. त्याचा आवाज भिंतीपर्यंत जाऊन विरत होता.

गॅस कंपनीचा माणूस घामाघूम झाला होता. त्यानं रस्त्यावरची झडप शोधायला माणसं लावली होती, पण ती डांबराखाली गेलेली. "झडप सापडेल हो," तो म्हणाला. "मला काळजी पंपाची आहे. तळघरात पाणी उपसायचा पंप आहे, बॅटरीवरचा. त्याच्याखालचा खड्डा भरला की आपोआप चालू होतो. वीज तोडली तरी होतो. आणि चालू होताना ठिणगी उडते."

"खड्डा किती भरलाय?"

त्यानं जमिनीलगतच्या जाळीतून विजेरी मारून दाखवलं. फार उरला नव्हता.

"मी जातो," घण म्हणाला. "वर जाऊन सगळ्यांना घेऊन येतो."

"काही फोडायचं नाही," गॅसवाल्यानं बजावलं. "लोखंडावर दगड घासला तरी संपलं. वास जिन्यापर्यंत चढलाय."

घण गेला. मी फाटकाशी उभी राहून जिन्याच्या खिडकीतून त्याचं टक्कल वर वर जाताना बघत होते. थोड्या वेळानं ते तसंच खाली आलं. बाहेर आल्यावर त्यानं तोंड पाडून सांगितलं, "मी दारात उभा राहिलो. खुणा केल्या. हसलो पण."

"हसलास?" मी कपाळावर हात मारला.

"मला बघून त्यांनी लोखंडी दार लावून घेतलं गं. आतून टेबलं लावली. मग मी फटीतून चिठ्ठी सरकवली. गॅस गळतोय, ताबडतोब बाहेर या, अशी."

मी डोळे मिटले. सात वर्षांपूर्वी आम्ही सोनारांची अख्खी पेठ रिकामी केली होती ती नेमक्या याच चिठ्ठीनं. शब्दही तेच. सगळ्या वर्तमानपत्रांत तिचा फोटो होता.

"उत्तर आलं," घण म्हणाला आणि कागद पुढे केला. अक्षर ताईचं होतं. 'तुमची ही युक्ती जुनी झाली. दार उघडणार नाही. इथे लहान मुलं आहेत, तेवढी तरी लाज बाळगा.'

माझी सख्खी बहीण. राग येऊन उपयोग काय? तिच्या जागी मी असते तर मीही टेबलं लावली असती.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. पथकात घेताना त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं की मी कधीही जोर लावणार नाही. आता त्या फक्त म्हणाल्या, "तुम्हाला जमेल?"

"मागून लावला तर सगळे पुढच्या दाराकडे पळतील," मी म्हणाले. "स्वतःच टेबलं ओढतील."

"मग?"

"मग काय मग! आत माझी पोर आहे ना!" मी ओरडले. रस्त्यावरचे लोक मागे सरकले. मॅडम जागच्या हलल्या नाहीत, हे त्यांचं मानायला हवं. "मला आधी एकदा साधेपणानं बघू द्या. ताईला माझं तोंड दिसलं तर उघडेल ती."

घणाला मी जिन्याच्या खालच्या वळणावर, माझा जोर पोचत नाही तिथं उभं केलं. पोरं पडली तर झेलायची, आणि खबरदार हसलास तर. चिडीचूप म्हणाला, मीही जातो. मी म्हणाले, जा. त्याच्याशी त्याहून जास्त बोलायची मला ताकद नव्हती.

इमारतीच्या मागे भिंतीला लागून लोखंडी शिडी आहे. पायातलं काढून मी अनवाणी चढले. वर वाचनकक्षाची मागची खिडकी, गज बसवलेली. आतलं सगळं दिसत होतं. दारापाशी टेबलांची रास. भिंतीला चिकटून बसलेली माणसं. एक म्हातारे गृहस्थ एवढ्या गोंधळातही वर्तमानपत्र वाचत होते. ताई त्या राशीला पाठ लावून उभी. आणि मुलांच्या टेबलाखाली, गुडघे पोटाशी घेऊन, माझी पोर.

तिनं मला सगळ्यांच्या आधी पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला! टेबलाखालून बाहेर आली आणि दोन्ही हात हलवायला लागली. ताईचा पदर ओढून माझ्याकडे बोट दाखवलं, बघ आई आली.

मी ताईला खुणा केल्या. दार उघड. खाली पळा. बाहेर, बाहेर! ताईनं मान वाकडी करून बघितलं. तिला ओळख पटली, तिचा हात टेबलाकडे गेलासुद्धा. पण तेवढ्यात बाकीच्यांनीही मला पाहिलं. एकानं ताईचा हात धरून मागे खेचलं. दोघांनी पुस्तकांचं कपाट खिडकीकडे ढकलायला घेतलं. मी गजांवर कपाळ आपटत होते, आणि त्याचाही आवाज होत नव्हता.

खाली पाहिलं. मागच्या कुंपणाशी आलेल्या गॅसवाल्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. वेळ संपली.

पोरगी अजून हात हलवत होती. कपाट यायच्या आत खिडकीशी पोचायचं म्हणून ती माझ्याच दिशेनं धावत येत होती. मला तिचा पुढचा पडलेला दात दिसला. मी मनात म्हटलं, बाळा, आईला माफ कर. आणि सगळा जोर लावला.

ती धावता धावता थांबली. हात तसेच वर राहिले. मग तिचा चेहरा आतून कुणीतरी पुसून टाकल्यासारखा झाला. मी शेकडो माणसांचे चेहरे असे होताना पाहिले होते आणि मला कधी काही वाटलं नव्हतं. या वेळी मी तोंड फिरवायला गेले. पण जोर सोडला नाही. सोडून चालणारच नव्हतं.

एका झटक्यात सगळा कक्ष दाराकडे वळला. टेबलं उलटली, खुर्च्या तुडवल्या गेल्या, म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातून वर्तमानपत्र गळालं. सगळ्यांची तोंडं उघडी आणि कुठेच आवाज नाही. ताईनं थरथरत पोरीला उचललं. तिच्या खांद्यावरून पोरगी माझ्याकडे बघत होती, डोळे फाटलेले, ओठ हलत होते. मी ओठ वाचले. ती आई म्हणत होती. माझ्यापासून पळताना मलाच हाका मारत होती.

शेवटचा माणूस दाराबाहेर पडेपर्यंत मी तिथंच होते. मग शिडीवरून घसरत, सालटं काढून घेत खाली आले आणि कुंपणापलीकडे पडले तोच जमीन हादरली. आवाज नाहीच. नुसता तळघराच्या जाळीतून लाल लोळ आला, खालच्या मजल्याच्या खिडक्या बाहेर उडाल्या, आणि जिना होता तिथं धूळ उठली.

धावत पुढच्या बाजूला गेले. घण दोन्ही काखांत एकेक पोर धरून बसला होता. चिडीचूपच्या खांद्यावर ते म्हातारे गृहस्थ होते, आणि चिडीचूप हमसून हमसून रडत होता. मॅडम माणसं मोजून म्हणाल्या, सगळे आले. सगळे!

ताई रस्त्याच्या पलीकडे फुटपाथवर बसली होती. पोरगी तिच्या कुशीत. माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, मी हात पसरून धावले. "सोनू! बाळा!"

तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि अशी किंकाळी फोडली की रस्त्यातली सगळी माणसं वळली. ताईच्या मानेत तोंड खुपसून ती पायांनी लाथा झाडायला लागली. मी जागीच थांबले. मागे सरकले. आणखी मागे. रस्ता ओलांडून दिव्याच्या खांबापाशी आले, तेव्हा तिचं रडणं हुंदक्यांवर आलं.

ताईनं तिला मॅडमच्या कडेवर दिलं आणि ती माझ्याकडे आली. तिचे दात कडकडत होते. तरी आली, आणि माझा हात घट्ट धरला. "मी उघडणार होते गं," ती म्हणाली. "तुला बघून उघडणारच होते."

"माहितीये मला."

"लहान आहे ती. विसरेल. थोडे दिवस जाऊ देत."

"तू विसरशील?" मी विचारलं.

ताई माझ्या हाताकडे बघत राहिली. तिनं माझ्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला. मला दिसला तो. जमलं नाही तिला.

"घरी ने तिला," मी म्हणाले. "रविवारी आणू नकोस. ती स्वतः म्हणाली तरच आण."

ताई गेली. पोरीला कडेवर घेतलं आणि दोघी रस्त्यानं निघाल्या. पोरगी ताईच्या खांद्यावरून सारखी मागे बघत होती, मी येतेय का ते. मी दोन्ही हातांनी खांब धरून ठेवला, आणि तिला नीट दिसावा असा धरला, की बाळा, बघ, मी येत नाहीये.