राऊटरची खांडेनवमी

खांडेनवमीला सुगंधाबाईंच्या कमलनगरच्या घरात विळ्याला, कुऱ्हाडीला, शिलाई मशीनला कुणी हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांची पूजा करायची आणि त्यांना एक दिवस आराम द्यायचा. यंदा त्यांनी वायफायचा राऊटरही बंद करून वायरीसकट देव्हाऱ्यापुढं मांडला आणि मैलार मल्लण्णाचं, म्हणजे खंडोबाचं, नाव घेत त्याच्यावर मूठभर भंडारा उधळला.

सून धनलक्ष्मीनं घड्याळाकडं पाहिलं. बाराला तिची व्हिडिओवर मुलाखत होती. पुण्याची कंपनी, इंटरनेट बंद पडलेल्या गिऱ्हाइकांशी बोलायचं काम, तेही घरबसल्या. तीन वर्षं ती अशाच नोकरीसाठी तळमळत होती. मोबाइलच्या रेंजवर तर या घरात साधा फोटोही जात नसे.

"आत्याबाई, चालू करू का?"

"आज न्हाई. उद्या."

रडून काही होणार नव्हतं. रडणाऱ्याला सुगंधाबाई गूळ देत, परवानगी देत नसत.

"बरं," धनलक्ष्मी साळसूदपणे म्हणाली. "पण नवरात्रात दिवा इझू द्यायचा नसतो म्हनं. याचा हिरवा दिवा घट बसल्यापासनं अखंड चालू हुता."

सुगंधाबाईंनी उठून स्वतःच बटण दाबलं. दिवा लागला खरा, पण लाल.

"देव कोपला गं!"

"देव कशाला कोपंल? वायरीच्या तोंडात भंडारा गेलाय." सासूबाई फुंकायला वाकल्या. "फुंकू नका, आत ओल जाती!" बटण बंद करून धनलक्ष्मीनं वायर काढली, कोरड्या ब्रशनं पिवळी भुकटी झाडली, वायर खटकन बसवली आणि बटण दाबलं. बारा वाजून सात मिनिटांनी दिवा हिरवा झाला.

"उशीर का झाला?" मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी पडद्यावरून पहिलंच विचारलं.

"लाईट गेलती, सर." धनलक्ष्मीनं बेधडक ठोकून दिलं.

"खोटं कामून बोलायलीस?" सुगंधाबाई मागून डोकावल्या. "साहेब, मशीन मी बंद केलतं. दिव्याची भीती घालून हिनंच मला चालू करायला लावलं."

गेली नोकरी! धनलक्ष्मीला सासूचा असा राग आला, की विचारू नका.

साहेब हसू दाबत म्हणाले, "आजी, ते दिव्याचं तुम्हाला खरं वाटलं?"

"छ्या! मला कळत न्हाई व्हय? पण ही असं गोडीनं बोलायली, की न्हाई म्हणायला तोंडच उघडंना."

साहेब सावरून बसले. "मशीन दुरुस्त करणारे खूप भेटतात. अडून बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातानं बटण दाबून घेणारं कुणी भेटत नाही. सोमवारपासून कामाला लागा."

धनलक्ष्मीला आनंदानं रडूच फुटलं. सुगंधाबाईंनी मात्र तिला बाजूला सारून पडद्याला तोंड लावलं.

"साहेब, हिला खोटं बोलायची खोड हाय. संगं मी बी बसते."