हलदीचा पॅनल

महाप्याच्या त्या डेटा सेंटरमध्ये कामाची माहिती लिहून ठेवलेली नाही, असं कुणाच्या बापाला म्हणता आलं नसतं. एकोणीसशे चाळीस दस्तऐवज होते. ते सापडत नसत, एवढीच काय ती अडचण. आणि सापडत नसत म्हणून लोक देवजींना फोन करत.

देवजी शिरवणे गावचे, बोली आगरी. इमारतीचा पाया खणला तेव्हापासून इलेक्ट्रिकल विभागात. कुठला स्विच पाडला की कुणाचे सर्व्हर आडवे होतात, हे त्यांना तोंडपाठ. येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते.

यावर उपाय म्हणून नाझियाने आठ महिने खपून एक पोर्टल उभं केलं होतं. चौकटीत शब्द टाका, दस्तऐवज समोर हजर. प्रत्यक्षात लोक शब्द टाकत, ‘काहीही आढळले नाही’ हे वाचत आणि देवजींना फोन लावत.

सोमवारी तिचे मॅनेजर निखिल सर म्हणाले, “शुक्रवारी चाचणी घेऊ. तिघांना एकेक दस्तऐवज शोधायला सांगतो. पाच मिनिटांत देवजींना फोन न करता सापडला, तर पोर्टल पास.”

“आणि नाही सापडला तर?”

“तर पोर्टल बंद. देवजींच्या टेबलावर तू बस, फोन घे. तुला तर सगळे दस्तऐवज माहीतच आहेत.”

हे त्यांनी कौतुकाच्या सुरात सांगितलं. नाझियाने इंजिनीअरिंग केलं होतं, ते काही ‘मॅडम, ते जरा कुठे आहे?’ याची उत्तरं रिटायर होईपर्यंत देत बसण्यासाठी नव्हे.

दस्तऐवजांची नावं नामकरण समितीने दिली होती. नऊ बैठका आणि तितक्याच वेळा समोसे झाल्यावर नावं निघाली ती अशी : ‘निम्नदाब विद्युत वितरण फलक ०७-ब : नियोजित खंडन कार्यपद्धती, आवृत्ती ४’. म्हणजे एक पॅनल बंद कसा करायचा. हे वाचून होईस्तोवर गेलेली वीज परत यायची.

लोक टाकतात तरी काय, म्हणून नाझियाने शोधांची नोंद उघडली. महिन्याभरात एकतीस वेळा एकच शब्द : हलद. कँटीनच्या मसाल्याची चौकशी पोर्टलवर कोण करतंय, असं वाटून ती आधी कँटीनवाल्यावर चिडली. मग देवजींकडे गेली.

“काका, हे हलद काय प्रकरण आहे?”

“पॅनल हाय.”

“कुठला?”

“खालचा. जनरेटरच्या बाजूचा.”

“म्हणजे ०७-ब?”

“सात-ब कोन बोलतंय त्याला? आमच्या सुचिताची हलद होती ना, त्याच दिवशी तो जलाला. मना मांडवातून उचलून आनला. अंगाला हलद तशीच. हात लावीन तिथं पिवला. दारावर आजून डाग हाय, बघा जाऊन.”

“म्हणून हळदीचा पॅनल?”

“मग काय आवृत्ती चार बोलायचा?”

नाझियाने डोळे मिटून घेतले. “काका, अशी बाकीच्यांची पण नावं आहेत?”

“सगल्यांची हाय. तुमी कदी इचारलाच नाय.”

“एप्रिलमध्ये फॉर्म पाठवला होता! ‘प्रचलित पर्यायी संज्ञा असल्यास नमूद कराव्यात.’”

“आलता. संज्ञा म्हंजे काय, ते माझ्या हाताखालच्या रूपेशला इचारला. त्यालाबी नाय म्हाईत. मंग दोगांनी सही करून दिला.”

पुढचे तीन दिवस ती वही घेऊन देवजींच्या मागे फिरली. सर्व्हर थंड ठेवणारा, सतत गळणारा चिलर म्हणजे ‘रडका’. किल्ल्यांचं कपाट म्हणजे ‘अब्दुल्लाची पेटी’. अब्दुल्लाला नोकरी सोडून सहा वर्षं झाली होती, पेटीला ते कुणी कळवलं नव्हतं. समितीच्या नावांखाली नाझियाने लोकांच्या तोंडची नावं घातली. सवयीने हात ‘हळद’ लिहून गेला. ते खोडून तिने ‘हलद’ लिहिलं. लोक जे टाकतात तेच सापडायला हवं, व्याकरण नंतर.

शुक्रवारी पहिल्या दोघांनी आपापले दस्तऐवज शोधले. तिसरा आला रूपेश, देवजींच्या हाताखालचा तंत्रज्ञ. निखिल सरांनी चिठ्ठी वाचली, “वितरण फलक ०७-ब, खंडन कार्यपद्धती.”

“म्हंजे कुठला, सर?”

“पोर्टलवर शोध.”

रूपेशने एक मिनिट पडद्याकडे पाहिलं, एक मिनिट छताकडे. मग खिशातून फोन काढला. आता हा देवजींना लावणार, आपण बसलो त्या टेबलावर, असं नाझियाच्या मनात येऊन गेलं.

“फोन नाही,” निखिल सर म्हणाले.

“सायलेंट करतोय, सर. तो पॅनल हाय कुठं, तेवढं तर सांगा.”

“जनरेटरशेजारी.”

“मग हलदीचा बोला ना सरळ! कशाला टेन्शन देता?” त्याने मराठी कीबोर्डवर तीन अक्षरं दाबली. दस्तऐवज समोर आला.

निखिल सरांनी घड्याळ पाहिलं आणि चष्मा पुसला. “पास. पण हे गावठी शब्द काढून टाक. गुरुवारी क्लायंट येतोय.”

“मग काही सापडणार नाही, सर.”

“लोकांना योग्य संज्ञांची सवय लावायची.”

“चालेल, काढते. सवय लागेपर्यंत देवजीकाकांचा फोन तुमच्या टेबलावर वळवू?”

निखिल सरांनी आपल्या टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. “राहू दे,” ते शेवटी म्हणाले. “पण निदान शुद्ध तरी लिही. ल नाही, ळ. हळद.”

“हो सर.”

तिने ‘हळद’ही घातलं. ‘हलद’ला हात लावला नाही.

सोमवारी देवजींच्या टेबलावर कुणी बसलं नाही. तिथे नवीन प्रिंटर आणून ठेवला. पहिल्याच दिवशी त्याने चार वेळा कागद अडकवला आणि दुपारपर्यंत रूपेशने त्याला एक नाव दिलं, चारचौघांत सांगण्यासारखं नसलेलं. नाझियाने कपाळाला हात लावला, त्याचं स्पेलिंग नीट विचारून घेतलं आणि पोर्टलवर घातलं.