बुक्क्याचे आठ शनिवार

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे आणि रंगाने पूर्ण काळा आहे. अंगावर एखादा पांढरा ठिपका असता, तर पुढचं सगळं टळलं असतं.

पाथरीच्या बसस्थानकामागे एका चहाच्या टपरीखाली, पोत्यावर माझा जन्म झाला. मार्तंड गुरुजी तेव्हा रोज एसटीने सोनपेठच्या शाळेत शिकवायला जायचे. एका संध्याकाळी त्यांनी मला वह्यांच्या पिशवीत घालून घरी आणलं. त्यांच्या पत्नी सुमंगलाबाई आधी कपाळाला हात लावून बसल्या, आणि मग त्यांनीच देवघरातल्या काळ्या बुक्क्यावरून माझं नाव बुक्क्या ठेवलं.

नऊ वर्षं मी इमानाने काम केलं. गच्चीवरच्या कुरडयांना वानरांचा हात लागू दिला नाही. गल्लीत माझं कौतुक होतं. जो तो काहीतरी पुढे टाकायचा, शिळी भाकरी, शेव, लग्नातली उरलेली बुंदी. मीही कधी नाही म्हटलं नाही. आपल्याला पोट आहे हे पोट दुखेपर्यंत कुणाला कळत नाही.

दहाव्या वर्षी ते कळलं. खाल्लेलं अंगी लागेना. उलट्या, जुलाब, आणि वर सतत भूक. बरगड्या मोजता येऊ लागल्या. गुरुजींनी मला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर सुकेशनी या त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी माझं रक्त परभणीला तपासायला पाठवलं आणि सांगितलं, "सर, याचं स्वादुपिंड थकलंय. तेल-तूप याला आता पचणार नाही. एकदम बंद."

तेव्हापासून माझं पथ्य सुरू झालं. मऊ भात, उकडलेला लाल भोपळा आणि अंड्याचा फक्त पांढरा भाग. भातात पाचक पावडर कालवायची, थोडा वेळ थांबायचं आणि मग ताट पुढे ठेवायचं. आठवड्यातून एकदा जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असतो, तिथे गुरुजी मागच्या अंगणात वेगळी शेगडी मांडून, नाकाला उपरणं लावून माझ्यासाठी अंडी उकडू लागले. अंडी देताना दुकानदार हसून विचारायचा, "काय गुरुजी, म्हातारपणी बाटले का?" गुरुजी अंडी पिशवीत घालून चालू लागायचे.

मित्रांनो, त्याच वर्षी गुरुजींच्याही छातीत कळ आली. परभणीला नेऊन त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला. त्यांच्याही डॉक्टरांनी तेल बंद केलं. मग बाईंनीही आपल्या ताटातलं तेल सोडलं. आम्ही तिघेही फिक्कं जेवून एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

मला आराम पडला. उलट्या थांबल्या, डोळ्यांत थोडी चमक आली. आणि मग एका शनिवारी दुपारी, गुरुजी झोपलेले असताना, बाई मागच्या अंगणात आल्या. त्यांच्या हातात तेलाने निथळणारी पोळी होती.

कुण्या जोशांनी त्यांना सांगितलं होतं की, गुरुजींना साडेसाती आहे. अकरा शनिवार काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी घाला, आणि कुणाजवळ बोलू नका; बोललं की फळ जातं. गल्लीत काळा कुत्रा मी एकटाच. बाई खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "खा रे बाबा. ह्यांच्यासाठी खा. एका पोळीनं काय हुतंय?"

मी खाल्ली. खोटं कशाला सांगू? किती दिवसांनी तेलाचा वास आला होता! बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. रविवारी पहाटे मी अंगणभर ओकलो.

असे एकामागून एक शनिवार गेले. सोमवारपासून जरा सावरावं, तोवर पुन्हा शनिवार यायचा. गुरुजींची मात्र मती गुंग झाली. त्यांनी भात आणखी मऊ केला. पावडर बनावट असेल म्हणून औषधाच्या दुकानात जाऊन भांडले. ज्या ज्या दिवशी मी आजारी पडेन, त्या तारखेवर कॅलेंडरमध्ये पेन्सिलीने फुली मारू लागले. मला सगळं ठाऊक होतं, पण कुत्र्याने सांगायचं कसं? आणि खरं तर, पोळी दिसली की मलाही राहवत नव्हतं. या वयात एकाच्या प्रेमाने बरं व्हायचं आणि दुसऱ्याच्या प्रेमाने आजारी पडायचं, याचा फार शीण येतो.

आठव्या शनिवारनंतर मला उठताच येईना. गुरुजींनी खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळी केली आणि मला रिक्षात घातलं. माझं डोकं मांडीवर घेऊन बाईही आल्या.

डॉक्टरांनी मला तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सर, लय अशक्त झालाय. असंच चाललं तर पंधरा दिवसबी काढायचा नाही." मग त्यांनी कॅलेंडर उलगडलं आणि फुल्यांवरून बोट फिरवलं. "सगळ्या फुल्या रविवारच्याच ओळीत हायत. शनिवारी काय खातो हा?"

"रोजचंच. मी सोता मोजून देतो," गुरुजी म्हणाले.

बाईंचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता, तो थांबला. बोललं की फळ जातं, आणि ते फळ म्हणजे गुरुजींचं आयुष्य, असं त्यांच्या मनाने पक्कं घेतलं होतं. त्यांनी एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मी घालायलेय पोळी," त्या शेवटी म्हणाल्या. "तेलाची. तुमच्यासाठी. आठ शनिवार झाले." आणि पदर तोंडाला लावून तिथेच रडल्या.

गुरुजी चिडतील असं मला वाटलं होतं. ते खाली बसले. "अगं, माझं तेल बंद केलंस, तवा मी वाचलो," ते म्हणाले. "आणि याला तेवढं पाजायलीस व्हय?"

पुढच्या शनिवारी बाईंनी पोळी केली नाही. तो दिवस त्यांना फार जड गेला. गुरुजी जिना चढले की त्या श्वास रोखून ऐकायच्या, नुसते खोकले तरी धावत यायच्या. त्याच्या पुढचा शनिवारही असाच गेला. मला अजून उभं राहता येत नव्हतं, पण भात पोटात टिकू लागला होता.

अकराव्या शनिवारी अंडं उकडायला मागच्या शेगडीपाशी बाई स्वतः बसल्या. नाकाला पदर लावून त्यांनी पांढरा भाग सोलला, भातात पावडर कालवली, घड्याळाकडे बघत थांबल्या आणि मग ताट माझ्यापुढे सरकवून हात जोडले. मी उठून उभा राहिलो आणि जेवलो.

दारातून गुरुजींनी विचारलं, "हे चालतं का, जोशांना इचारलंस?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंना इचारलंय."

मित्रांनो, मी आता थकलो आहे. वानरं आली तर बसल्या जागेवरून भुंकतो. अजूनही कुणी ना कुणी शनिवारी काळा कुत्रा शोधत पोळी घेऊन येतं, आणि बाई फाटकातूनच सांगतात, "त्याला पथ्य हाय. तेल मारुतीला वाहा." तुम्हीही मुक्या जिवाला जीव लावाल, काहीतरी खाऊ घालाल. घाला, पण आधी त्याच्या पोटाला काय चालतं ते विचारा. आम्ही तर हातात दिलेलं सगळंच खातो. तुम्ही प्रेमाने देता ना, म्हणून खातो.