अंगणात ऐकू जाणारी हाक

मी संगणक बोलतोय, पाटोद्याच्या प्राध्यापक सुंदररावांचा. पण माझ्या आठवणींवर फार विसंबू नका. माझी हार्ड डिस्क जागोजागी खराब झाली आहे. जे आठवतं ते घडलं, की घडावंसं वाटलं, हे मलाच कळत नाही.

सर एकदा माईक तपासत होते, तेव्हा स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई ओरडल्या, "अहो, च्या निवला की! येता का न्हाई?" ते माझ्यात नोंदलं गेलं. पुढे बाई वारल्या. सर रोज सकाळी ते वाक्य लावू लागले.

मी तोवर मंदावलो होतो. पडद्यावर गोल फिरत राही. सर पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत. त्याने वेग वाढत नाही, पण आपल्याकडे सगळेच करतात. शेवटी वैतागून ते अंगणात जात. मग माझी तुंबलेली कामं सुटत आणि घरातून हाक येई. सर दचकून म्हणत, "आलो गं!" आणि खरंच आत येत.

मुलगी राजनंदिनी बीडहून आली, तिने तो गोल पाहिला. "अण्णा, एवढा वेळ बसता कसे हो?" तिने नवी सिस्टीम टाकली. ही सिस्टीम समोरच्या कामाला पहिला नंबर देते, बाकीच्यांना थांबवते. रोज लागणारं आधीच हाताशी आणून ठेवते. सरांनी बटण दाबलं, बोट उचलायच्या आत बाई बोलल्या.

सर मुलीकडे वळले. "नंदा, जुनंच परत टाक."

"कावून? लोक वेगासाठी भांडतात!"

"आता ती बोलावत नाही गं. मी वाजवतो, ती वाजते."

राजनंदिनी हसायला लागली आणि मध्येच थांबली.

पण जुनी सिस्टीम काही परत बसेना. सरांनी ढीगभर खिडक्या उघडून मला दमवून पाहिलं. हाक तरीही लगेच येई. मग त्यांनी लावणंच सोडलं. मी मात्र कितीतरी सकाळी ती हाक तयार ठेवून बसे. रिकाम्या खुर्चीसमोर. पुढे सिस्टीमनेही ती मागे टाकली.

एका सकाळी सरांनी पुन्हा बटण दाबलं. नेमकं अपडेट चालू होतं. गोल फिरू लागला. सर हसले, असं मला वाटतं. उठून अंगणात गेले. थोड्या वेळाने हाक गेली. सर आत आले नाहीत. दुपारी माणसं जमली.

त्यांना ऐकू गेलं होतं का? माझा पंखा घरघरत होता. अंगणातलं मला काही कळलं नाही. आता मी बीडला, राजनंदिनीच्या घरी चादरीखाली असतो. ती कधी कधी चादर उचलते, म्हणते, "अण्णांची हाक मीच काढून घेतली."

परवा, इतक्या वर्षांनी, पाटोद्याच्या शेजारीण दगडाबाई आल्या होत्या. राजनंदिनीने भीत भीत त्या सकाळचं विचारलं.

"भिंतीपल्याड भांडे घाशीत होते मी," दगडाबाई म्हणाल्या. "सर बोलले की, 'आलो गं!' लई खुशीत. मला वाटलं, तूच आलीस."