सात तास झोप

चौथ्या आणि शेवटच्या सत्रासाठी कमलेश सकाळी दहाला ठाण्यातल्या प्रयोगशाळेत आला. कोपरीचा हा तरुण शिवानीच्या अभ्यासातला विसावा स्वयंसेवक. डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद दिला की मेंदूतला अंगठा हलवणारा भाग किती प्रतिसाद देतो, हे ती दर आठवड्याला एकदा, असं चार आठवडे मोजत होती. एक सत्र चुकलं तर त्या माणसाची आधीची मोजमापंही बाद. विसावा पूर्ण झाला की प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायचं होतं. मार्गदर्शकांनी महिनाअखेरची मुदत दिली होती.

"काल किती तास झोपलात?"

"सात."

तिने सात लिहिलं. अंगठ्याजवळच्या स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवताना त्याची नखं पिवळी दिसली. कानामागेही पिवळं होतं.

"घरात लग्न आहे?"

"चुलतभावाचं. काल हळद होती."

"किती वाजता आटपली?"

"मॅडम, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?"

"कमलेश."

"डीजे दहालाच बंद केलेला. मग आत्या नि माम्या उठल्या नाचायला. त्यांना कोण थांबवणार? पाच वाजले."

"प्यायलात?"

"दोनच बियर. भावाने सोडलंच नाही."

शिवानीने हातातली स्पंद देणारी कॉइल स्टँडवर ठेवली. "आज होणार नाही."

"अरे! मांडव सोडून आलोय मी. तिकडे सगळे शिव्या घालतायत."

"झोप नाही, त्यात दारू. अशा वेळी स्पंद दिला तर फिट येण्याचा धोका वाढतो. पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"म्हणूनच तर सात सांगितलं. तुमचं काम अडायला नको. मला काय होतंय? रात्रभर नाचलो, काही झालं का?"

शिवानीने यंत्र बंद केलं. त्याच्या पंख्याची घरघर थांबली.

"पुढच्या आठवड्यात घ्या मग."

"अंतर सात दिवसांचंच हवं."

"म्हणजे आधीचे तीन वाया?"

"हो."

तो म्हणाला, "खरं सांगू? मागच्या वेळी पण पाचच तास झोप झालेली. तुमच्या कागदावर 'किमान सहा' लिहिलेलं. म्हटलं, एक वर सांगितलेली बरी."

तिने इलेक्ट्रोड काढले, कापसाने त्याचा हात पुसला. हात पुसून होईपर्यंत कमलेश खुर्चीतच झोपला होता. खोली बारापर्यंत त्याच्याच नावावर होती. तिने त्याला उठवलं नाही.

तिने कपाट उघडून बाकीच्या एकोणीस जणांच्या फायली टेबलावर घेतल्या आणि फक्त झोपेचा रकाना पाहत गेली. सात, सात, साडेसहा, सात. वर्तकनगरच्या सान्वीचं बाळ तेव्हा आठ महिन्यांचं होतं. तिच्याही चारही सत्रांना सात. शिवानीने ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि लिहिताना तिला काहीच खटकलं नव्हतं.

अकराला तिने मार्गदर्शकांना मेल लिहिली. विसावा स्वयंसेवक बाद झाला आहे. उरलेल्या एकोणीस जणांच्या झोपेच्या नोंदी भरवशाच्या नाहीत, प्रत्येकाला फोन करून विचारावं लागेल. त्यातले किती टिकतील, आज सांगता येत नाही. महिनाअखेरची मुदत पाळता येणार नाही.

तिने ती एकदा वाचली आणि पाठवली. मग सान्वीचा नंबर शोधला. खुर्चीत कमलेश घोरत होता, म्हणून फोन घेऊन ती बाहेर गेली.