दख्खन बँडची क्लॅरिनेट

मित्रांनो, पुष्कळ जण मला सनई समजतात. तिची लांबची बहीण म्हणा हवं तर. पण मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. काळ्या लाकडाचं अंग, त्यावर चकचकीत चाव्या आणि तोंडाशी एक पातळ पत्ती. जन्म मेरठच्या कारखान्यात झाला; आयुष्य मात्र लातूरच्या दख्खन बँडमध्ये गेलं.

बँड खाजामियाँच्या वडिलांनी काढला होता. त्यांच्या माघारी मी खाजामियाँच्या ओठी आले. लाल कोट, सोनेरी झालर आणि पाठीशी मोठ्या ढोलावर पंढरी. जळकोट असो की हिमायतनगर, वरातीला आम्हीच हवे असायचो. "खाजाभाई, तुम्ही फुंका, घोडी मी नाचवतो," असं पंढरी म्हणायचा आणि खरंच नाचवायचा. वरात संपली की खाजामियाँ मला मऊ फडक्यानं आतून-बाहेरून पुसायचे.

त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाला आम्ही पंढरीच्याच गावी वाजवलं. बँड लातूरला परतला, पंढरी घरी थांबला. पहाटे जमीन हादरली. उजाडल्यावर खाजामियाँ मिळेल त्या ट्रकनं गावी धावले, मला काखेत धरूनच. पण गाव उरलंच नव्हतं. नुसते दगडमातीचे ढीग. पंढरीची बायको नागुबाई अंगणात झोपली होती म्हणून वाचली. ती एका ढिगापाशी बसली होती.

"खाजाभाऊ, हे मघा आतून आवाज देऊन राहिले होते. आता देईनात," ती म्हणाली.

खाजामियाँनी हातांनी दगड उपसले. नखं फुटली, पण मोठे धोंडे हलेनात. मग त्यांनी मला ओठांना लावलं. "माझा सूर कानी पडला की ठेका धरल्याबिगर राहणार न्हाई तो." पंढरीच्या आवडीची चाल त्यांनी फुंकली आणि ढिगाला कान लावला. पुन्हा फुंकली. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, मित्रांनो, पण दगडाखालून टकटकसुद्धा आली नाही. शेवटी एका जवानानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चाचा, बस करा." दुपारी पंढरी सापडला, तेव्हा तो थंड पडला होता.

पुढं वरातीत डीजे आले. लातूरला गावोगावची मुलं क्लासला येऊ लागली. ढोल आणि कोट ठेवायच्या आमच्या खोलीत त्यांच्या खाटा पडल्या. नागुबाई लातूरला येऊन त्या मुलांच्या खानावळीत भाकरी थापू लागली. मी पेटीत पडून राहिले.

बऱ्याच वर्षांनी सिद्धेश्वर नावाचा हॉटेलवाला आला. "चाचा, लोक जेवतील, तुम्ही जुनी गाणी वाजवा. लाइव्ह डिनर शो!"

नागुबाईनं बजावलं, "भाऊ, तुम्हाला दमा हाय. न्हाई म्हणा."

"वहिनी, एवढ्या वर्षांनी कुणीतरी बोलावलंय," खाजामियाँ म्हणाले. मग तीही बरोबर आली.

परीक्षेचे निकाल लागले होते, त्या रात्री हॉटेल भरलं होतं. आईबाप पोरांना पेढे भरवत होते, फोटो काढत होते. आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तरी खाजामियाँनी डोळे मिटून पंढरीची चाल काढली. कडव्याच्या मध्येच माझ्यात हवा येईना. त्यांची बोटं चाव्यांवर होती, ओठ पत्तीवर होते, पण श्वास नव्हता. मी एक सूर जरी आपणहून काढू शकले असते, तरी ओरडून सांगितलं असतं! त्यांची मान खाली गेली. लोकांना वाटलं, गाणं संपलं. सवयीनं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या काय वाजवून राहिलात?" नागुबाई धावत आली. "माणूस गुदमरून राहिला हितं!"

त्यांना दवाखान्यात नेलं. ते वाचले, पण डॉक्टरांनी फुंकायला कायमची मनाई केली.

आता कधीकधी ते मला मांडीवर घेतात आणि न फुंकता नुसत्या चाव्या दाबतात. टप्, टप्. समोर बसलेली नागुबाई तेवढंच ऐकते. माझं लाकूड चिरलंय, पत्ती वाळलीय. ते पाहतात, पण त्यांचाही इलाज चालत नाही.

मित्रांनो, घरात एखादं वाद्य असेल तर त्याला पुसा, वाजवा, पेटीत कोंडू नका. आणि वाजवणारा एकाएकी गप्प झाला, तर टाळ्या वाजवण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडं पाहा.