पूजेचा नकाशा

वडगावात कल्लाप्पांच्या नव्या यंत्रमागाच्या शेडवर माधवी पहिल्यांदा गेली ती थेट उद्घाटनाला. नकाशे तिनेच काढलेले. पण ऑफिसातल्यांनी साईटवर फिरकायचं नाही नि साईटवरच्यांनी ऑफिसची पायरी चढायची नाही, अशी आपल्याकडची रीत. मध्ये फोन असतो, त्यावर सगळं भागतं म्हणे!

वरच्या मजल्यावर माग धडधडत होते. खाली पेढा तोंडात टाकताना तिने छताकडे पाहिलं. मधला खांब नव्हता. तुळईला चीर गेली होती.

"मधला खांब कुठाय?" तिने ठेकेदार जोतिबाला विचारलं.

"कुठला मधला? ह्यात न्हाय की." त्याने भिंतीवरचा नकाशा दाखवला. त्यावर भूमिपूजनाचं हळदकुंकू तसंच होतं.

"माग वर न्यायचं ठरल्यावर मी फोनवर नवा पाठवला होता! तुम्ही उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवलंत."

"ते मी समद्यास्नीच पाठवतो. पूजा झाल्याला कागद कोण बदलतंय, मॅडम?"

माधवी जिन्याकडे धावली. "बंद करा!" म्हणून ओरडली, पण त्या खडखडाटात कोण ऐकतंय? तिने सरळ मेन स्विच पाडला. पहिल्याच दिवशी अपशकुन केला म्हणून कल्लाप्पांची बायको दुर्गाबाई तिच्या अंगावर धावून आली. कशीबशी समजूत घालून माधवीने सगळ्यांना बाहेर काढलं.

"तेवढं माग वाचवा, मॅडम," कल्लाप्पा रडकुंडीला आले. "दुसरं काय न्हाय आमच्याजवळ."

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण एकदाही इथे डोकावलो नाही, ही लाज तिला आतून खात होती. तेवढ्यात जोतिबा लोखंडी टेकू खांद्यावर घेऊन आत शिरला.

"सांगा, कुठं लावू?"

एवढ्या दिवसांत त्याने तिला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. तिला बरं वाटलं, अगदी खरंच बरं वाटलं. तिने दारातून बोट दाखवलं. "तिथं, मधोमध."

जोतिबा मधोमध जाऊन उभा राहिला. टेकू जमिनीला लागायच्या आत तुळई मागांसकट खाली आली.

धुरळ्यात जोतिबाचा भाऊ आण्णाप्पा वेड्यासारखा विटा उपसत होता. "कुणी धाडलं रं त्याला आत?" तो किंचाळला. "कुणी धाडलं?"

"मी," माधवी म्हणाली.